नखाएवढी पदकं आणि बर्लिनचा जुना बाजार

मैत्रिणींनो, परदेशातून येताना आपण काय काय आणतो! चॉकलेटं आणतो, अत्तराच्या बाटल्या आणतो, फ्रिजवर लावायची लोहचुंबकं तर डझनाने आणतो. वर्षभरात चॉकलेटं संपतात, बाटल्या रिकाम्या होतात आणि लोहचुंबकं कुठल्या गावची होती तेही आठवत नाही. पण काही वस्तू अशा असतात, की त्या हातात घेतल्या म्हणजे त्या गावाचा दोनशे वर्षांचा इतिहास आपल्याशी बोलायला लागतो. बर्लिनमध्ये मला अशी एक वस्तू भेटली. तिची ओळख तुम्हाला करून द्यावी म्हणून हा लेखाचा प्रपंच.

ही वस्तू म्हणजे जुन्या जर्मन लष्करी पदकांच्या चिमुकल्या आवृत्त्या. पुतळ्या नाही का आपल्या, साधारण तेवढ्याच. दीड-दोन सेंटिमीटरचा क्रॉस, वर बारीकशी कडी, आणि असलाच तर इवलासा रेशमी फितीचा तुकडा.

तुम्ही म्हणाल, पदक म्हणजे छातीवर मिरवायची वस्तू, ते एवढंसं कशाला? त्याचं कारण अगदी घरगुती आहे. मोठं पदक गणवेशावर शोभतं. पण संध्याकाळच्या मेजवानीला, लग्नाला, नाटकाला जाताना तिकडचे पुरुष मागे शेपटासारखी दोन टोकं असलेला काळा कोट घालत. त्यावर जडशीळ पदकांची रांग कशी दिसेल? म्हणून हीच पदकं लहान आकारात करून घ्यायची आणि एका नाजूक साखळीत ओवून कोटाच्या कॉलरवर अडकवायची. त्या साखळीला जर्मनमध्ये ‘फ्राककेट’ म्हणतात, म्हणजे कोटाची साखळी. सरकारातून मिळायचं ते मोठं पदक. लहान मात्र ज्याने त्याने आपल्या हौसेने, आपल्या खर्चाने सोनाराकडून किंवा दुकानातून घ्यायचं. त्यामुळे एकाच पदकाची लहान आवृत्ती कुठे सुबक, कुठे ओबडधोबड अशी सापडते. संग्राहकांना वेड लागतं ते याच वैविध्याचं.

आमच्या वन्सं गेली अठरा वर्षं बर्लिनला असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं, म्हणजे हे, मी आणि आठवीतला मुलगा, त्यांच्याकडे गेलो होतो. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, आणि मुलाला नाणी, तिकिटं जमवायचा नाद. तेव्हा वन्सं म्हणाल्या, “अगं, तुम्हा दोघांना मॉलमध्ये नेऊन काय करू? रविवारी तुम्हाला जुन्या बाजारात नेते.”

हा बाजार शनिवारी आणि रविवारी भरतो, तो ‘१७ जून’ नावाच्या रस्त्यावर. रस्त्याला तारखेचं नाव ऐकून गंमत वाटते, पण ती तारीख गमतीची नाही. १७ जून १९५३ रोजी पूर्व बर्लिनच्या कामगारांनी राजवटीविरुद्ध उठाव केला आणि तो रणगाडे घालून चिरडला गेला. त्याची ही आठवण. लोकल गाडीच्या टिअरगार्टन स्थानकावर उतरलं की पाचच मिनिटांत बाजार. चिनी मातीची भांडी, पितळी दिवे, लेसचे टेबलक्लॉथ, कपाटांच्या मुठी, कुणाच्या तरी लग्नातले फोटो, सगळं ओळीने मांडलेलं. आपल्या चोरबाजाराची आठवण येते, फक्त आरडाओरडा नाही. घासाघीस मात्र चालते, आणि तीही हसतखेळत.

एका वयस्कर विक्रेत्याच्या टेबलावर मखमल लावलेले उथळ ट्रे होते आणि त्यांत ही चिमुकली पदकं. बहुतेक लोखंडी क्रॉस, काळ्या रंगाचे आणि रुपेरी काठाचे. आता या लोखंडी क्रॉसची गोष्ट ऐका, कारण तिच्यात एक बाई आहे.

प्रशियाची राणी लुईझ. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला. पुढच्या वर्षी टिल्झिट या गावी तह ठरत होता. तेव्हा ही राणी स्वतः नेपोलियनला भेटली आणि अटी सौम्य करा म्हणून तिने रदबदली केली. त्याने ऐकलं नाही. १८१० मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, ती गेली. १८१३ साली राजा फ्रीड्रिश विल्हेल्म तिसरा पुन्हा नेपोलियनविरुद्ध उभा राहिला. तेव्हा त्याने नवं पदक काढलं आणि त्याच्या स्थापनेची तारीख घातली १० मार्च, म्हणजे लुईझचा वाढदिवस. पदक सोन्याचं नाही, हिऱ्यांचं नाही, तर ओतीव लोखंडाचं, भोवती चांदीची कड. मोठा सरदार असो की साधा शिपाई, दोघांनाही तेच. याचा आराखडा राजाच्या कल्पनेवरून कार्ल फ्रीड्रिश शिंकेल या प्रसिद्ध वास्तुकाराने पक्का केला.

पण लोखंडच का? तर खजिना रिकामा होता, आणि तंगीतला निर्धार लोकांना दिसायला हवा होता. त्याच वर्षी राजघराण्यातल्या स्त्रियांनी आवाहन केलं, की युद्धासाठी सोनं द्या. बायकांनी अंगठ्या दिल्या, साखळ्या दिल्या. बदल्यात त्यांना लोखंडाची अंगठी मिळाली. तिच्यावर कोरलेलं असे, की मी लोखंडासाठी सोनं दिलं. त्यानंतर बर्लिनमध्ये सोन्याचा दागिना घालणं कमीपणाचं आणि लोखंडाचा घालणं मानाचं ठरलं. तिथल्या शाही ओतशाळेत जाळीदार नक्षीचे लोखंडी हार आणि कर्णफुलं होत, ती पुढे युरोपभर नावाजली गेली. वस्तुसंग्रहालयात ती पाहिली तर लोखंड आहे यावर विश्वास बसत नाही, काळ्या धाग्याने विणल्यासारखी दिसतात.

हे वाचताना तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना १९६२ साल आठवलं असेल. चीनच्या युद्धात आपल्याकडेही बायकांनी संरक्षण निधीला बांगड्या उतरवून दिल्या होत्या. देश कुठलाही असो, लढाई सुरू झाली की घरातल्या बाईच्या हातावर आधी नजर जाते!

१८१४ साली राजाने स्त्रियांसाठीही सन्मान काढला आणि त्याला राणीचंच नाव दिलं. जखमींची सेवा करणाऱ्या, युद्धकाळात झटणाऱ्या स्त्रियांसाठी हा लुईझ ऑर्डर. संख्या शंभरापुरती मर्यादित. लोखंडी क्रॉसला मात्र अशी मर्यादा पुढे राहिली नाही. १८७० च्या युद्धात तो पुन्हा काढला, १९१४ मध्ये पुन्हा, १९३९ मध्ये पुन्हा. क्रॉसच्या खालच्या टोकावर साल असतं, ते पाहून काळ ओळखता येतो. पहिल्या महायुद्धात तर त्याचा दुसरा वर्ग पन्नास लाखांच्या आसपास लोकांना दिला गेला. म्हणूनच १९१४ ची चिमुकली पदकं आजही बाजारात सहज सापडतात.

तेवढ्यात मुलाने विचारलं, “आई, यांच्यावर स्टिकर का लावलेत?” पाहते तो १९३९ च्या सगळ्या क्रॉसांच्या मध्यावर इवलेसे गोल कागद चिकटवलेले. वन्संनी हळू आवाजात सांगितलं, की त्याखाली नाझींचं चिन्ह आहे आणि ते चारचौघांत दाखवणं जर्मनीत गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला अशा कामांसाठी कायद्यात सवलत आहे, पण उघड्या बाजारात विक्रेते ते झाकूनच ठेवतात. १९५७ साली पश्चिम जर्मनीने कायदा केला, की दुसऱ्या महायुद्धातली पदकं घालायची तर त्यावरचं ते चिन्ह काढून घाला. त्यासाठी नव्याने पदकं बनवली गेली. लोखंडी क्रॉसच्या मध्यावर चिन्हाच्या जागी ओकची तीन पानं आली.

मुलगा गोंधळला. साहजिकच आहे हो! आपण उंबऱ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, कलशावर स्वस्तिक काढतो. ते शुभ, आणि इथे त्याला झाकून ठेवतात? वन्सं म्हणाल्या, “दिवाळीत मी दाराबाहेर कमळ काढते आणि स्वस्तिक घरात, देवापाशी. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक आजी आहेत. त्यांच्या घरची माणसं छळछावणीत गेली. त्यांना मी आपल्या स्वस्तिकाचा अर्थ समजावू शकते, पण रोज सकाळी दार उघडताना त्यांच्या काळजात काय होईल, ते कसं समजावू?” मी वर्गात दुसरं महायुद्ध कितीदा तरी शिकवलं असेल. पण त्या दिवशी मुलाला जे कळलं, ते एका रांगोळीच्या गोष्टीतून कळलं.

त्याच ट्रेमध्ये निळ्या मीनाकामाचे लांबट क्रॉस होते, त्यांच्यावरही स्टिकर. मला वाटलं कुठल्या तरी नौदलाचे असतील. पण ते निघाले आयांचे! हिटलरच्या राजवटीने डिसेंबर १९३८ मध्ये काढलेला ‘मातृक्रॉस’. चार मुलं झाली की ब्राँझचा, सहा झाली की रुपेरी, आठ झाली की सोनेरी. तोही सगळ्यांना नाही. राजवटीच्या व्याख्येत ‘शुद्ध’ बसणाऱ्या आयांनाच. ज्यू आईला नाही, मग तिची मुलं कितीही गुणी असोत. मैत्रिणींनो, आईपणाचा गौरव कुणाला आवडणार नाही? पण तो गौरव पुढच्या लढाईसाठी शिपाई मोजण्याचा असेल तर? मी तो क्रॉस हातात घेतला आणि खाली ठेवून दिला.

मुलाचं लक्ष मात्र एका साखळीवर खिळलं होतं. बारीक साखळी, तिच्यावर तीन चिमुकली पदकं. पहिला १९१४ चा लोखंडी क्रॉस. दुसरा लालभडक मीनाकामाचा, मध्ये किल्ल्याचं चित्र. तिसरा ब्राँझचा, तलवारी असलेला, मधल्या वर्तुळात १९१४ आणि १९१८. विक्रेत्याला इंग्रजी बरं येत होतं. त्याने समजावलं, की लाल क्रॉस हॅम्बुर्ग शहराचा. १९१५ साली हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन शहरांनी असे क्रॉस काढले. ब्राँझचा आहे तो १९३४ सालचा, पहिल्या महायुद्धातून आलेल्यांसाठी. तलवारी असतील तर माणूस प्रत्यक्ष आघाडीवर लढलेला. तलवारी नसतील तर मागच्या फळीतला. आणि याच पदकाचा काळ्या रंगाचा तिसरा प्रकार होता, लढाईत गेलेल्यांच्या विधवांना आणि आईवडिलांना द्यायचा.

मुलाने लगेच हिशेब मांडला. “म्हणजे हा माणूस हॅम्बुर्गकडचा असेल. आघाडीवर लढला, जिवंत परत आला, १९३४ पर्यंत नक्की होता, आणि कोट घालून पार्टीला जायचा!” विक्रेता खूश होऊन हसला. मुलाने विचारलं, “नाव काय त्याचं?” त्याने मान हलवली. कुणाचं तरी घर आवरताना ट्रंकेत सापडलेली साखळी. जर्मन पदकांवर सहसा नाव कोरलेलं नसतं. पदक घरातून बाहेर पडलं, की माणूस कायमचा हरवला.

साखळीचे ८० युरो. मुलाजवळ साठवलेले ३०. विक्रेता चांगला माणूस. म्हणाला, हवं तर लोखंडी क्रॉस सोडवून देतो, तेवढ्यात बसेल. त्याने पकडही उचलली. माझा मुलगा एकदम म्हणाला, “नको, तोडू नका. मग तो माणूस कोण होता ते कुणालाच कळणार नाही.” विक्रेत्याने पकड खाली ठेवली, साखळी पुन्हा मखमलीवर नीट पसरली आणि आपण होऊन दुसऱ्या ट्रेमधला एक सुटा १९१४ चा क्रॉस २० युरोला दिला. हे मला म्हणाले, “ऐंशी देऊन टाकू का?” मी नको म्हटलं. हौस आपल्या खिशाएवढीच असावी हेही मुलाने शिकायला हवं, आणि ती साखळी अख्खी राहिली यातच मला समाधान होतं.

तुम्ही कधी बर्लिनला गेलात तर हा नखाएवढा क्रॉस डोळ्यांपुढे ठेवून शहर पाहा. बाजाराचा रस्ता सरळ पूर्वेला गेला की ब्रँडेनबुर्ग दरवाजा लागतो. त्यावरचा चार घोड्यांचा रथ नेपोलियनने १८०६ साली पॅरिसला नेला होता. १८१४ मध्ये तो परत आणला तेव्हा देवीच्या हातातल्या दंडावर लोखंडी क्रॉस बसवला गेला. पूर्व जर्मनीच्या काळात तो काढला होता, १९९१ साली परत आला. शहराच्या दक्षिणेकडे व्हिक्टोरिया पार्क नावाची बाग आहे, तिथे डबा घेऊन जा. मुलांना धबधबा आवडेल. वर टेकडीवर शिंकेलनेच रचलेलं ओतीव लोखंडाचं स्मारक आहे, १८२१ सालचं, आणि टोकावर तोच क्रॉस. त्यावरून टेकडीला क्रॉयझबेर्ग, म्हणजे क्रॉसची टेकडी, असं नाव पडलं आणि पुढे तो सगळा भागच त्या नावाने ओळखला जाऊ लागला.

आणि शेवटी उंटर डेन लिंडेन या रस्त्यावरच्या ‘नॉय वाख’ या इमारतीत जा. हीही शिंकेलचीच. एकेकाळी राजाच्या पहारेकऱ्यांची चौकी होती. आत एकही पदक नाही, एकही तलवार नाही. मोठ्या रिकाम्या दालनात मधोमध एक आई बसली आहे, मेलेल्या मुलाला मांडीत घेऊन. केटं कोलविट्झ या शिल्पकर्तीने केलेल्या लहान मूर्तीची ही मोठी प्रतिकृती, १९९३ साली इथे बसवलेली. छताला वर गोल भोक आहे, त्यातून पाऊस आणि बर्फ त्या आईवर पडत राहतं. केटंचा धाकटा मुलगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये पडला, वय १८. त्याच नावाचा तिचा नातू दुसऱ्या महायुद्धात रशियात गेला. माझा मुलगा तिथे बराच वेळ उभा होता. बाहेर आल्यावर त्याने खिशातला क्रॉस काढून पाहिला आणि परत ठेवला. मीही काही विचारलं नाही.

आता थोडं कामाचं. तुमच्या मुलांना किंवा तुम्हाला असा छंद लागलाच तर काही गोष्टी सांभाळा.

नवख्या माणसाने १९१८ पूर्वीच्या पदकांपासून सुरुवात करावी. त्यांवर ते झाकायचं चिन्ह नसतं, त्यामुळे प्रश्नही उभे राहत नाहीत. चांगल्या घडणीच्या लहान क्रॉसचा काळा भाग लोखंडाचा आणि काठ चांदीचा असतो, तेव्हा फ्रिजवरचं लोहचुंबक जवळ नेऊन पाहा. चांदीच्या काठावर किंवा कडीवर कधी ‘८००’ असा आकडा सापडतो, म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. चंद्रकोर आणि मुकुट ही जर्मन चांदीची खूण १८८८ सालापासूनची. फीत काळी आणि कडेला पांढरी असेल तर तो क्रॉस लढणाऱ्याचा. पांढरी आणि कडेला काळी असेल तर न लढणाऱ्याचा. मात्र फीत बदललेली असू शकते, हे लक्षात असू द्या. नकला भरपूर होतात, म्हणून फार स्वस्त आणि फार चकचकीत दिसेल ते घेऊ नका.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी यांपासून ते लांब ठेवा. त्या गोष्टी आपल्या ताम्हण-पंचपात्रीसाठी. घासलं की वरचा जुना काळा रंग जातो आणि त्याबरोबर किंमतही जाते. कोरड्या मऊ मलमलीने हलकेच पुसा. फीत धुऊ नका, रंग सुटतो. आपल्याकडे पावसाळ्यात लोखंडाला गंज ठरलेला, म्हणून हवाबंद डबीत, नव्या बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी घालून ठेवा. मऊ प्लॅस्टिकची पिशवी नको, ती कालांतराने चिकट होते.

आणि एक सांगायचं राहिलंच. आपल्या सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांची पदकं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून तर पहिल्या महायुद्धात ४६ जवान कामी आले. माणगावकडचे यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत याच जर्मन सैन्याशी लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपलं परमवीरचक्र तर खानोलकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या, जन्माने युरोपातल्या सावित्रीबाईंनी रेखाटलं. आपल्या सैन्यातही मेसमधल्या समारंभाला अशीच लहान पदकं लावतात, फौजी घरातल्या मैत्रिणींना ते माहीत असेलच.

तेव्हा माळ्यावरची ट्रंक एकदा खाली काढा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असते, भिंग घेऊन वाचा. नाव नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, हे कुणाचं, कुठल्या लढाईतलं, ते परत आले का. एका कागदावर शाईने लिहा आणि तो कागद पदकाबरोबर त्याच डबीत ठेवा. पदक मोडीत घालू नका आणि वाटणीत साखळी तोडू नका. हे काम घरातले पुरुष करतील म्हणून वाट पाहू नका. घरात कुठली वस्तू कुठे आणि कुणाची, हे आपल्यालाच ठाऊक असतं, नाही का?